मशीनचा राखणदार

चतुर्थीला राजूरच्या गणपतीपुढे उभी राहिले तरी माझं चित्त आरतीत नसायचं, कान रस्त्याकडे असायचे. आमच्या मालकांनी जालन्याच्या बँकेतून कर्ज काढून शिवणाची मशीन घेतली. पुढे आफ्रिकेत शिंप्याला फार मान आहे असं कुणीसं सांगितलं, आणि ते मुंबईहून आगबोटीत बसले. काही महिने पैसे आले, मग पैसेही थांबले आणि खुशालीही. बँकेने दावा लावून हुकूम मिळवला. आता निजामाच्या हद्दीत पाऊल टाकलं की त्यांना धरतील, हे गावात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. ते यावेत म्हणून मी हात जोडायची, आणि लगेच भिऊन म्हणायची, नको, इतक्यात नको. बाप्पाने तरी माझं कोणतं ऐकावं?

मालकांनी मला शिवायला शिकवलं होतं, म्हणून चूल पेटत होती. एका चतुर्थीला सकाळीच कोर्टाचा अमीन मशीन जप्त करायला दारात आला.

"हप्ते भरत राह्यल्या तर लिलाव टळंल, बाई," तो म्हणाला. "पण तवर मशीन जिम्मेदार माणसाच्या ताब्यात पायजे. गहाळ झाली तर भरपाई त्याची."

जमलेली माणसं मागे सरकली. आमच्या भाऊजींना तर नेमकी तेव्हाच गुरं सोडायची आठवण झाली. मला रडूही येईना, इतका राग आला होता.

ओट्यावर एक म्हातारे बाबा उघड्या अंगाने बसले होते. घनसावंगीकडून दर्शनाला आलेले, वाटेत बंडी उसवली म्हणून मला शिवायला दिलेली. ते म्हणाले, "माझं नाव ल्हिवा."

"बाईला वळखता का?"

"न्हाई. माझी बंडी हाय तिच्याजवळ."

"मंग मशीन नेणार कुठं?"

"हितंच राहू द्या. घरी नेऊन मी काय शिवू?"

अमीनसुद्धा हसला. बाबांनी अंगठा उठवला, बंडी घातली आणि निघाले. मी मागे धावत विचारलं, "बाबा, मी मशीन घेऊन पळून गेले तर?"

"माझा पोरगाबी समिंदरापार गेलाय," ते म्हणाले. "तिथं त्याच्यामागं कोणी उभं राहावं, हे मागाया आल्तो. मंग हितं मी कसा बसून राहू, लेकी?"

त्यानंतर माझी भीतीच बदलली. जरा खुट्ट झालं की दचकायची, मशीन गेली तर बाबांचं घर जाईल म्हणून. त्या धास्तीनेच मी शिवत राहिले, हप्ते भरत राहिले. जप्ती उठली तेव्हा घनसावंगीला जाऊन बाबांच्या पाया पडून आले.

कर्ज फिटलं. पण ज्यांना त्याच्यापायी घरी येववत नाही, त्यांना हे कळवायला माझ्यापाशी पत्ता नाही. अजून जीव टांगणीला लागतो. मग मी बाप्पाला म्हणते, माझ्या ओट्यावर तू परका माणूस आणून बसवलास, तसाच तिकडे त्यांच्या शेजारी कुणी बसव. तो सांगेल त्यांना, वाट मोकळी झाली, आता घरी जा.