गॅसवर भाजलेला प्रोसेसर

“कोणाचं रक्त तपासतेय का ही?” दसऱ्याला आलेल्या काकूने आईला हळूच विचारलं.

मला ऐकू आलं, पण मी मान वर केली नाही. माझ्या मायक्रोस्कोपखाली प्रोसेसर होता. सकाळीच मी तो आमच्या जुन्या, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून काढला होता. चिमट्यात धरून पापडासारखा गॅसवर भाजला (चिमटाही पापडाचाच, आईला अजून माहीत नाही), तेव्हा कुठे त्यातला नखाएवढा चकचकीत तुकडा सुटला.

मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि खाली एक शहर उजळलं. गुलाबी, मोरपंखी, सोनेरी. सरळ रस्ते, रिकामे चौक, संध्याकाळ झाल्यासारखा उजेड, आणि माणूस कुठेच नाही. पाहुण्यांशी बोलायला लागणार नाही असं गाव! मी तिथे राहायलाच गेले होते म्हणा ना.

तेवढ्यात काकांनी मला बाजूला सारलं. काकांचं आयुष्य लोकांना प्लॉट दाखवण्यात गेलंय.

“हे तर आपलं पनवेलजवळचं करंजाडे! सेक्टर बघ कसे पाडलेत. सगळं हाय, देऊळ तेवढं नाय.”

काकूला त्यात ब्लाऊजपीस दिसला. हा रंग पनवेलात कुठे मिळेल, असं तिने मलाच विचारलं.

मग बाबा आले. ते पुढच्या खोलीत लग्नपत्रिका तयार करतात. त्यांचा कॉम्प्युटर चालू होत नव्हता. पंखा फिरत होता, पडदा काळाच. नेरे गावची गिऱ्हाईक मंडळी येऊन बसली होती आणि पत्रिका दसऱ्याच्या मुहूर्तावरच छापायला जायला हवी होती.

मला पूजा आठवली. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आईने कॉम्प्युटरचे जुना आणि चालू असे दोन्ही डबे पुसून शेजारी शेजारी पूजेला मांडले होते. दोघांना सारखंच हळदकुंकू, सारखाच झेंडूचा हार. त्यातला एक मी अगदी भक्तिभावाने उघडला होता.

“तू इंजिनिअर ना घरातली? बघ जरा,” बाबा म्हणाले.

माझं शिक्षण इंग्रजीत झालंय. मराठीत गुन्हा कबूल करायचा तर शब्द जुळवायला वेळ लागतो. तोवर काकूने त्यांना, आधी हे बघा, डोकं शांत होईल, म्हणून मायक्रोस्कोपपाशी बसवलं. बाबा वाकले. पाहुणे, मुहूर्त, सगळं विसरले असावेत.

“किती सुंदर आहे गं,” ते डोळा न काढता म्हणाले. “बरं, माझ्या मशीनचा बिघाड कळला का?”

“कळला, बाबा. तुम्ही आत्ता तोच बघताय.”