पिशवीच्या सिस्टर

इतकी घाबरट नर्स मी जन्मात दुसरी पाहिली नाही. नर्स म्हटलं की कशी, 'काही होत नाही' म्हणून दंडात सुई टोचून मोकळी होणारी खमकी बाई डोळ्यांपुढे येते. आमच्या सिस्टर 'काही होत नाही' हे शब्द चुकूनसुद्धा तोंडातून काढायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "व्हतंय की. समदं व्हतंय. म्हणून तर बघाय पाहिजे." आणि एवढं बोलून बाळंतिणीच्या पोटात गोळा आणून पुढच्या खाटेकडे जायच्या. शिरूरकडच्या एका लहानशा दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि सगळी नोकरी त्या घाबरतच होत्या.

बाळ हातात आलं की आधी त्याचे तळपाय धरायचे, तोंड मागाहून बघायचं, ही त्यांची रीत. 'सिस्टर बाळाच्या पाया पडतात' म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "पडते तर! तुम्ही देवाच्या पाया पडता, तवा देव गरम हाय का गार हाय, बघता का कुणी? मी बघते." पोट गरम आणि पाय कोमट, तर बाळ बरं. पोट गरम आणि पाय गार, तर बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार, तर पळा. एवढं त्या येईल त्या आईला, आजीला, आत्याला घोकून घ्यायच्या. एकदा एसटीत शेजारच्या अनोळखी बाईच्या तान्ह्याचे पाय त्यांनी न विचारता धरले, तेव्हा त्या बाईनं 'पोरं पळवणारी' म्हणून गाडी डोक्यावर घेतली होती. सिस्टर शिव्या खात बसल्या, पण दुपट्याबाहेर आलेले पाय झाकूनच खाली उतरल्या.

मी मुळातच काळजीखोर. भात करपेल म्हणून कच्चा उतरवणारी जात माझी. माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं, सासर इनामगावचं, आणि आमचे हे रांजणगावच्या कंपनीत पाळ्या करून कारेगावला खोलीवर राहणारे. आठवा महिना लागतो न लागतो तोच ऐन थंडीत माझं पोट दुखायला लागलं आणि सिस्टरांच्याच दवाखान्यात लेक झाली. लेक कसली, मुठीएवढा जीव. कातडी इतकी पातळ की हात लावायची भीती वाटावी. ती रडली, पण मांजराच्या पिल्लासारखं बारीक. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हिला मोठ्या ठिकाणी न्यायला हवं. पुण्याच्या दोन-तीन ठिकाणी फोन लावले, जागा नव्हती. दौंडला लहान मुलांच्या एका दवाखान्यात जागा मिळाली. आता तिला न गारठवता तिथवर पोचवायचं कसं, हा सवाल होता.

तेव्हा सिस्टरांनी कपाट उघडून पिशवी काढली.

ही पिशवी म्हणजे बाळाएवढी जाड, मऊ झोपायची पिशवी, डोक्याला टोपडं असलेली. तिच्या पाठीकडच्या खिशात एक चपटं पाकीट सरकवायचं. पाकिटात मेणासारखं काहीतरी असतं. ते तापवलं की वितळतं, आणि पुन्हा घट्ट होईपर्यंत कितीतरी वेळ अंगाएवढीच ऊब देत राहतं, ना कमी ना जास्त. वीज लागते ती फक्त तापवण्यापुरती, आणि तीही नसली तर गरम पाणी चालतं. दवाखान्यात अशी एकच पिशवी होती. सिस्टर ती स्वतः धुवायच्या, स्वतः वाळवायच्या आणि कपाटाची किल्ली गळ्यात घालून फिरायच्या. म्हणून सगळा तालुका त्यांना पिशवीच्या सिस्टर म्हणायचा.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी ती पिशवी बघितली आणि कपाळाला हात लावला. "अवं बाई, पोरीला पिशवीत घालून न्यायची? बाजार हाय का हा?"

"आत्याबाई," सिस्टर पाकीट तापवत म्हणाल्या, "एका पिशवीतनं लवकर भायेर पडली तुमची नात. ऱ्हायलेलं दिवस दुसऱ्या पिशवीत काढंल. भांडू नगा, मला आधीच धडधडतंय."

पाकीट पुरतं तापायच्या आत वीज गेली. अॅम्ब्युलन्स दारात उभी, पाणी तापवत बसायला वेळ नव्हता. सिस्टरांनी पाकीट चाचपलं, "ऊब हाय, पन भरपूर न्हाई," असं स्वतःशीच पुटपुटल्या, आणि लेकीला पिशवीत घालून निघाल्या. मला वॉर्डातच ठेवणार होते. सिस्टर म्हणाल्या, "आई पाहिजे. पिशवीनं दगा दिला तर हिची छाती हाय." मग मलाही उचलून गाडीत घातलं. आमचे हे मोटारसायकलवर मागे.

निघण्याआधी ह्यांनी दौंडला माझ्या आईला फोन लावला. जावई सासूशी बोलणार तो मोजकंच. "मामी, मुलगी झाली. जरा नाजूक हाय. दौंडला आणतोय. पण काळजी करू नका, सिस्टरनी पिशवी काढली."

आणि रेंज गेली!

आता आमच्या भागात पिशवी म्हणजे एक बाजाराची आणि दुसरी बाईच्या पोटातली. पिशवी काढली म्हणजे काय झालं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दर चार घरांआड एखादीची काढलेली असते. पहिलटकरीण लेक, नाजूक नात आणि वर पिशवी काढली, तीही नर्सनं! माझी माऊली चुलीवरचं दूध तसंच टाकून अख्खी रेल्वे कॉलनी गोळा करायला धावली.

इकडे आम्हाला ह्याचा पत्ताच नाही. न्हावरं मागे पडलं आणि गाडी थांबली. पुढे उसाची ट्रॉली उलटलेली. रस्ताभर ऊस, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, आणि जो तो खाली उतरून ऊस मोडून खातोय. मला त्या वेळी त्या माणसांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. माझी लेक जातेय इथे आणि तुम्ही ऊस सोलताय!

सिस्टरांचा हात पिशवीच्या पाठीशीच होता. तो हात थांबला. "गुठळ्या लागत्यात," त्या म्हणाल्या. पाकिटातलं मेण थिजायला लागलं होतं. त्यांनी लेकीचे पाय धरले आणि त्यांचा चेहरा उतरला. मी विचारलं, "कसे आहेत?" मला खोटा धीर द्यायला काय झालं होतं ह्या बाईला? पण नाही. "गार हायेत," म्हणाल्या. "पोट गरम हाय अजून. सोड पदर."

लेकीला पिशवीतून काढून त्यांनी माझ्या उघड्या छातीवर पालथी ठेवली, कातडीला कातडी. वरून माझा पदर, त्यावर त्यांचा स्वेटर, त्यावर ह्यांचं कंपनीचं जाकीट. आणि स्वतः पाकीट घेऊन रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीकडे पळाल्या. गाडीच्या उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. टपरीवाला म्हणत होता, "सिस्टर, दुधाचं पातेलं हाय, त्यात हे प्लास्टिक घालू?"

"दूध वत खाली!" सिस्टर ओरडल्या. "पाणी ठिव. माझ्या बाईचं पोर गार पडतंय!"

बिचाऱ्यानं दूध ओतून दिलं. पाणी तापलं, पाकीट बुडालं, मेण वितळलं. ते घेऊन त्या पळत आल्या आणि गाडीच्या पायरीवर नुसत्या बसून राहिल्या. मी म्हटलं, "घाला ना आता!" तर म्हणाल्या, "कढत हाय. भाजायचंय का तिला?" पाकिटावर एक खूण असते, ती बदलल्याशिवाय बाळाला लावायचं नाही. त्या खुणेकडे बघत त्या बसल्या. मी देवाचं नाव घेत होते, त्या काय पुटपुटत होत्या कोण जाणे.

तेवढ्यात माझ्या छातीवर लेक अगदी शांत झाली. मघापासून बारीक कुंईकुंई चाललं होतं, तेही थांबलं. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "झोपली वाटतं बाई एकदाची."

सिस्टर ताडकन उठल्या. "झोपली म्हणू नगं! शांत झाली म्हणू नगं! पाय बघ, पाय!" त्यांनी जाकिटाखाली हात घालून लेकीच्या तळव्याला बोटानं टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. त्यांनी तळवा चोळला आणि तिसऱ्यांदा टिचकी मारली, तेव्हा कुठे लेकीनं तोंड वाकडं केलं आणि एक चिरका आवाज काढला. "रड," सिस्टर म्हणाल्या. "रड गं माझे आई, रड." आणि स्वतःच रडायला लागल्या. मग डोळे पुसून पाकिटाची खूण बघितली, मनगटाच्या आतल्या बाजूला पाकीट लावून बघितलं, पुन्हा एकदा लावून बघितलं, आणि लेकीला पिशवीत घातलं. लोकांनी तोवर हातोहात ऊस बाजूला सारला होता. मघाशी ज्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, तीच माणसं.

दौंडला दवाखान्याच्या दारात पोचलो तर हीऽ गर्दी. माझी आई, तिच्या शेजारणी, कुणीतरी डबा आणलेला, कुणीतरी नारळ. डॉक्टर पिशवीसकट लेकीला आत घेऊन गेले, मागोमाग सिस्टर गेल्या. मी गाडीतून धरून धरून खाली उतरले, तशी आईनं हंबरडा फोडला. "अगं बया! पिशवी काढली आन् चालत आली गं माझी लेक!" आणि जावयाकडे वळून, "पहिल्याच बाळंतपणाला पिशवी काढाया हो म्हणलात? मला इचारायचं तरी!"

आमचे हे खुळ्यासारखे उभे. "मामी, पिशवी काढली म्हणजे... कपाटातनं."

"कपाटातनं?" आईचं रडं जागच्या जागी थांबलं. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला हसू येत होतं आणि हसलं की ओटीपोटात कळ येत होती, आणि आत लेकीचं काय चाललंय ते कळत नव्हतं. असलं हसू कुणाच्या नशिबी येऊ नये.

इतक्यात सिस्टर बाहेर आल्या. घडी घातलेली पिशवी काखेत. सगळ्या बायका त्या पिशवीकडे डोळे फाडून बघायला लागल्या. सिस्टर माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "पाय कोमट हायेत." जगेल का, असं मी विचारलं. "ते मला इचारू नगं, माझी छाती फुटंल. पाय कोमट हायेत, एवढं ठावं हाय मला." आणि घोटभर चहासुद्धा न घेता त्याच गाडीनं परत गेल्या. कपाट रिकामं ठेवून त्यांना चैन पडणार नव्हतं.

लेक तिथे कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती, आणि मग माझ्या छातीवर. सिस्टरांचा फोन रोज यायचा. 'बाळ कसं आहे' असं त्यांनी कधी विचारलं नाही. फोन उचलला की पहिला शब्द, "पाय?" मी म्हणायचे, "कोमट." "बरं," म्हणून ठेवून द्यायच्या. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर माझाच जीव खालीवर व्हायचा.

मुक्ताच्या बारशाला त्या आल्या. जेवणं झाल्यावर आई त्यांना कौतुकानं म्हणाली, "सिस्टर, नात माझी लई शांत बघा. रडत न्हाई, काही न्हाई." सिस्टरांनी पाळण्यात हात घालून आधी पाय धरले. मग म्हणाल्या, "शांत म्हणून कौतुक करू नगा, आई. माझं पयलं असंच शांत व्हतं." त्यांचं माहेर मेंढरांमागं फिरणारं, आता शेतीत रमलेलं. लग्नानंतर लगेच, नर्सिंग शिकायच्या आधी, त्यांना आठव्यातच मुलगा झाला होता. गुणाचं पोर, अजिबात रडत नाही, म्हणून येणारीजाणारी वाखाणत होती. "माझा आबा कोकरू गारठलं तर घोंगडीत छातीशी धरून कोसभर चालायचा. आन् मी त्याची लेक. मला एवढं कळलं न्हाई. तवा मी भ्याले न्हाई ना. तेवढं एकदाच." आईनं त्यांच्या हातावर, नको नको म्हणत असताना, आणखी एक लाडू ठेवला.

तेव्हापासून मला त्यांच्या घाबरण्याचा कधी राग आला नाही. मुक्ता मोठी होत गेली तशी त्यांच्याकडे जाणं-येणं वाढलं. भेटल्या की पहिल्यांदा मुक्ताची चप्पल काढून तळवे धरायचे. मुक्ता गुदगुल्यांनी लोळायची. "आजी, मी आता शाळेत जाते!" "जा की. शाळंत पाय घिऊनच जातीस न्हवं?"

निवृत्त झाल्यावर त्यांची तब्येत ढासळली. किडन्या गेल्या. ह्या थंडीत भेटायला गेलो तर खाटेवर एवढीशी होऊन पडलेल्या. आधी ओळखूच आल्या नाहीत मला. ती आमची शेवटची भेट, हे तेव्हा कळलं नाही.

मी मुक्ताला म्हटलं, "आजींच्या पाया पड." ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. दोन्ही हातांनी पाय धरून माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, गार आहेत."

सिस्टर हसल्या. "असू दे गं. आता न्हाई भीत मी."

जन्मभर भ्यालेल्या बाईच्या तोंडून ते ऐकलं. मी पांघरूण शोधायला लागले, कुठे काय आहे ते सुचेना. मुक्तानं मात्र खाटेच्या पायथ्याशी मांडी घातली, ते सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि आपला शाळेचा स्वेटर काढून त्यावर घातला. सिस्टर म्हणाल्या, "अगं, मळंल तो." "मळू दे," ती म्हणाली आणि तळवे चोळत बसली.

शेवटची एसटी चुकेल म्हणून मी दोनदा हाक मारली. ती उठेना.

"थांब ना आई," म्हणाली. "अजून कोमट झाले नाहीत."