धुऱ्यावरचे दोघे

घाटंजीकडच्या आमच्या वावरात बाबा आणि काकाजी यांच्यामध्ये एक धुरा आहे. बांधच तो, जेमतेम पायापुरता. तो कोणी वखरून बारीक केला, यावरून दोघं सख्खे भाऊ बोलणं टाकून बसले. काकाजींचं नाव घरात काढायचं नाही, असा बाबांचा हुकूम. आई म्हणायची, आपलेच दात आपलेच ओठ, आणि गप्प बसायची. मला मात्र अजूनही राग येतो. ज्यांच्या सायकलवर बसून मी शाळेत गेले, त्यांना बघून मान वळवायची म्हणजे काय.

मी व्हिडिओची कामं करते. यंदा यवतमाळात एका लहानशा गॅलरीत मला प्रदर्शनासाठी खोली मिळाली. दोघांनाही त्याच धुऱ्यावरून चालताना वेगवेगळं शूट केलं. मलमलीचे दोन पडदे पुढे-मागे टांगले. एकावर बाबा, दुसऱ्यावर काकाजी. पुढून पाहिलं की भाऊ सोबत चालताना दिसावेत, एवढीच माझी इच्छा. काकाजींना सगळं सांगितलं होतं. बाबांना मात्र सोबत काकाजी दिसतील हे सांगायची हिंमत झाली नाही.

पण दोन्ही व्हिडिओ जुळवताना घोळ झाला. काकाजींचा गुडघा गेलाय. बाबा धुरा संपवत आले, तरी ते पार मागे. त्यांचा वेग वाढवला तर उड्या मारल्यासारखे दिसायला लागले, माझी मलाच लाज वाटली. बाबांना हळू केलं तर ते झोपेत चालल्यासारखे. डोकं पार फिरलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाबांना बोलावलं. ते चिडले तर सगळं उतरवायचं, हे मनाशी ठरवलं होतं.

बाबा पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. चिडले नाहीत.

"हा लंगडून काहून राह्यला?"

"गुडघा गेला त्यांचा. लय दिवस झाले."

"मले कोणी सांगतलं नाही."

"तुम्ही सांगू देलं काय कोणाले?"

व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. पडद्यावरचे बाबा पुढे निघून गेले, काकाजी मागे राहिले.

"मी थांबून काहून नाही राह्यलो?"

"तुम्ही थांबलेच नव्हते, बाबा. जसे चालले, तसं शूट केलं."

"मंग पुन्हा कर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही वावरात गेलो. मी कॅमेरा लावला. बाबा चालत निघाले आणि अर्ध्यावर थांबून मागे वळून बघत राहिले. मला हवं होतं तेवढं मिळालं.

"झालं बाबा, चाला आता."

ते जागचे हलले नाहीत.

"त्याले फोन लाव," म्हणाले. "म्हण, दादा धुऱ्यावर उभा हाय."