सतरा एकांचा आकडा

"मानू नका गुरुजी, भागून पाहा."

मारेगावच्या शाळेत माझ्यासोबत असलेले गणिताचे मास्तर कोणत्याही गोष्टीवर हेच म्हणत. चिंचेवर भूत आहे म्हणा, नाहीतर नऊने भाग जातो म्हणा. छप्पन सालानंतर त्यांच्या घराने दीक्षा घेतली, तेव्हा घरातल्या देवांसोबत दारावरची लिंबू-मिरचीही त्यांनी काढून टाकली होती.

अशा माणसाला एका आकड्याने धरलं, हे तुम्हाला पटणार नाही. सतरा वेळा एक लिहिलं की होणारा आकडा. त्याला एक आणि तो स्वतः सोडून आणखी कशाने भाग जातो का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. भाजक असलाच तर चौतीसच्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या संख्यांतच सापडेल, हे त्यांनी सिद्ध करून ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत रोज दहा भागाकार. बाकी उरली की हसत आणि म्हणत, "आकडा नाही म्हणते."

दोन वर्षांत ते दीड लाखापर्यंत पोचले.

मग उन्हाळ्यात त्यांना ताप भरला. दुपारी मी भेटायला गेलो. वहिनी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. मास्तरांचे डोळे मिटलेले. एकाएकी, वर्गात सांगावं तसं ते स्पष्ट म्हणाले, "वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस."

"सकाळपासून हेच बोलून राह्यले," वहिनी म्हणाल्या. "कोनाले सांगून राह्यले, मले समजत नाही."

घरी येऊन मी भागाकार मांडला. शेवटी शून्य उरलं. पुन्हा मांडला. शून्यच. तो कागद मी मास्तरांसाठी जपून ठेवला.

ते बरे होऊन शाळेत आले, तेव्हा मी आनंदाने कागद पुढे केला. त्यांनी स्वतः भागून पाहिलं. चेहरा उतरला.

"हे मी बोललो?"

"हो. वहिनींनीही ऐकलं."

"मी तं दीड लाखापाशीच आहो. तिथंवर जायले पंचवीस वर्षं लागतील." मग अगदी हळू म्हणाले, "मंग मले कोनं सांगतलं?"

योगायोग असेल, असं मी म्हणालो. त्यांनी कागदाची घडी करून मला परत दिली.

"हे माहं नाही गुरुजी. मी माह्या रस्त्यानंच जाईन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दीड लाखाच्या पुढचा भागाकार सुरू केला. उत्तर ठाऊक असून. मात्र आता बाकी उरली की ते हसत नसत. मागे वळून बघत.

पुढे त्यांची पुसदला बदली झाली. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं, म्हणून मी तिथे गेलो. वहिनींनी त्यांची बसायची जागा दाखवली. खुर्ची कोपऱ्यात, भिंतीला घट्ट टेकवलेली.

"काय मालूम काहून, पाठीमागं जागाच ठेवत नव्हते," त्या म्हणाल्या.

भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता. त्याच्या बाजूला, बरोबर कानाच्या उंचीवर, एक बारीक फट होती. तिच्यात त्यांनी कागदाचे बोळे कोंबून ठेवले होते.