गंजावरचा आवाज

मधुकर गेल्याची तार अमरावतीला आली, तेव्हा मी ग्रंथालयाच्या गच्चीवर पुस्तकांना ऊन दाखवत होतो. माझा हा जुना मित्र अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. शाळेने नाटकांसाठी टेपरेकॉर्डर घेतला त्या वर्षी त्याने पदरच्या पैशाने एक रीळ आणलं आणि दर्यापूरहून आलेल्या आईला समोर बसवून तिचं बोलणं भरून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात माय गेली.

दर सर्वपित्रीला मी त्याच्याकडे जायचो. कावळ्याचं पान ठेवून झालं की तो शाळेतून मागून आणलेलं यंत्र लावायचा. ‘सुरू झालं का हे? काय बोलू रे बाप्पा?’ मायचं एवढं ऐकू आलं की बंद. पुढचं का ऐकत नाहीस, असं एकदा मी चिडून विचारलं. वर्गात सांगावं तसं त्याने शांतपणे सांगितलं, की या पट्टीवरचा तपकिरी थर म्हणजे लोखंडाचा गंजच. दर वेळी त्यातला कणभर झिजतो. किती वर्षं टिकेल कोणालाच माहीत नाही, म्हणून आवाज आहे ना, एवढंच बघायचं. मी म्हटलं, न उघडलेलं पुस्तक शेवटी वाळवीच वाचते. तो हसला. ‘तुह्या पुस्तकाले वाळवी खाते. मायले मीच खाऊ काय?’

शेवटच्या भेटीत काविळीने त्याचे डोळे पिवळे झाले होते. उशाखालची रिळाची डबी त्याने माझ्या हातात दिली. ‘तू ऐक पूर्ण... माह्यानं नाही झालं.’

तेरावं झाल्यावर मुख्याध्यापकांनी यंत्र वापरू दिलं. दर वर्षी यंत्रात ओवून, काढून पट्टीचं टोक चुरगळलं होतं. मायचे ते पहिले शब्द खरखरीत बुडाले होते. ज्या मिनिटावर त्याने पहारा ठेवला, नेमकं तेच गेलं होतं. मी मान खाली घालून बसलो... आणि खरखर थांबली. माय स्वच्छ बोलू लागली. पावसाळ्यात पायाला चिकटणारी काळी माती, लहानपणी विहिरीत डोकावून स्वतःलाच हाका मारणारा मधू. बोलता बोलता ती दमली. ‘झालं आता. जेवून घे तू.’

मग अगदी जवळून दुसरा आवाज आला, कोवळा, हसरा. ‘बोल ना माय. लय जागा आहे अजून.’

स्वतःचा हा आवाज त्याने परत कधी ऐकलाच नाही.

रीळ आता माझ्या कपाटात, पुस्तकांच्या रांगेत आहे. सर्वपित्रीला काढीन आणि शेवटपर्यंत लावीन... झिजलं तर झिजो.