बर्गेनच्या गोदामात चुन्नीलाल

गोंदियाजवळच्या कुडव्याचे चुन्नीलाल बिसेन हे धानाचे दलाल. चाळीस वर्षांत त्यांनी दोनच गोष्टींवर विश्वास ठेवला: स्वतःचे दात आणि स्वतःचं मत. पोतं दिसलं की चार दाणे काढून दाताखाली धरायचे. कट्‌ वाजलं की माल सुका. ओलावा मोजायचं यंत्र आलं, तेव्हा त्यांनी यंत्रालाच वेड्यात काढलं.

असा माणूस नॉर्वेतल्या बर्गेन बंदरात गेला, तो काही हौसेनं नाही. मुलगी नीतू तिथं एका जहाज कंपनीत नोकरीला होती आणि आता कायमचं तिथंच राहायचं म्हणत होती. निघताना बायकोनं, धुरपताबाईंनी, दम भरला होता, "पोरीले घेऊनच या जी. नाहीतर तुमीबी तिकडंच राहा."

तिसऱ्या दिवशी नीतूनं त्यांना जुन्या धक्क्यावर नेलं. लाकडी गोदामांची रांग, एक घर दुसऱ्याच्या अंगावर रेललेलं. चुन्नीलाल ऐन मे महिन्यात कानटोपी घालून बघत राहिले.

"हे पडकं पाहाले लोक पैसे देऊन राहिले? आपल्या गोंदियात फुकटात आहे."

नीतूनं समजावलं. शेकडो वर्षांपूर्वी जर्मन व्यापारी इथं धान्य आणायचे आणि बदल्यात सुकी मासळी न्यायचे. धान्य म्हणताच चुन्नीलाल खुलले. त्या व्यापाऱ्यांना इथं लग्न करायची बंदी होती, हे ऐकून तर आणखीच.

"तरीच धंदा एवढा वाढला!"

आत एका खोलीत तुळईला वाळवलेले मासे टांगले होते, लाकडासारखे कडक. नीतू पाटी वाचत होती, तेवढ्यात चुन्नीलालांनी शेपटीचा तुकडा मोडला आणि सवयीनं दाढेखाली धरला.

तिथली राखणदार बाई ओरडतच आली. चुन्नीलालांचं तोंड भरलेलं, भाषा येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ मत नव्हतं. नीतू मध्ये आली. आधी तिनं माफी मागितली, मग तिचाही आवाज चढला. हातवारे करून, तिथल्या भाषेत, ती बाईला सुनावू लागली. बाई लाल झाली, मग ऐकू लागली आणि शेवटी चक्क हसली. तिनं काहीतरी विचारलं.

"माल कसा आहे म्हणते," नीतू म्हणाली.

"सुका आहे. पण लय जुना."

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय सांगितलं तिले?"

"चूक आमची, म्हटलं. चाळीस वर्षं धान असंच दातानं पारखतात, सवय आहे. पण माझ्या बाबांवर ओरडायचं नाही."

चुन्नीलालांना भरून आलं आणि लाजही वाटली. पोरीला बघायला पाहुणे आले, की चुन्नीलालच तिला आत नेऊन दटावायचे, हळू बोल, लोक ऐकतात. तिनं ऐकलं होतं, आणि पुढं घरात बोलणंच सोडलं होतं.

तेवढ्यात धुरपताबाईंचा फोन आला. "येऊन राहिली का पोरगी?"

"नाही. अन् मी चल म्हणणारबी नाही."

"काऊन?"

"आज माझ्यासाठी भांडली. केवढ्या मोठ्यानं! एवढा आवाज आहे तिले, धुरपता, मले माहीतच नव्हतं."



"द्या तिले फोन," धुरपताबाई म्हणाल्या. "मलेबी ऐकू द्या."