कानातले रातकिडे

आमच्या आजोळी क्षय हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'छातीत धरलंय' म्हणायचे. मावशीच्या छातीत धरलं तेव्हा दुष्काळ पडून वर्ष उलटलं होतं आणि ती मिरजगावजवळ पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. मी नगरला कॉलेजात होतो, म्हणजे पटावर होतो. खरं काम संघटनेचं. आम्ही मूठभर पोरं दुष्काळी कामांवर फिरून पत्रकं वाटायचो. हजेरी रोजच्या रोज मांडा, खायला देता त्या सुकडीतले किडे बंद करा, तान्ह्या पोरांना सावली द्या. मजकूर माझा. दोन ओळींत सांगता येत नाही असं जगात काही नसतं, अशी तेव्हा माझी खात्री होती.

मावशी खोकली आणि खडीवर रक्त पडलं, तेव्हा मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. काही महिने रोज सुई, आणि गोळ्या दीड वर्ष. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही." एवढंच म्हणाले. जे म्हणाले ते खरं होतं.

सुईनं गुण आला, हे मी आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी सुईला शिव्या घालील. पूर्वी आजोळी ज्याच्या छातीत धरायचं त्याची खाट गोठ्यात टाकायचे, वाटी-तांब्या वेगळा करायचे आणि वाट बघायचे. मावशीचा ताप गेला. रक्त थांबलं. खोकला उतरला. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून सगळा गाव कुरकुरत होता, तीच भाकरी ती मागून खायला लागली. दवाखान्याचा कंपाउंडर सायकलवर कामावर यायचा, पाण्याच्या टाकीत पावडर टाकायचा आणि जाता जाता मावशीच्या दंडात सुई टोचायचा.

मग तिच्या कानात रातकिडे ओरडायला लागले. भर दुपारी. टोळीतल्या बायकांना तिनं सांगितलं, तर बायकांना आनंद झाला. त्यांचं गणित सरळ होतं. गोवर अंगावर फुटला तर पोर वाचतं, आत राहिला तर जातं. हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. मग रोगाची आग कुठून तरी बाहेर पडणारच.

"सुई लई गरम असती," एकजण म्हणाली. "आतली घाण कानातनं निघाली तुज्या."

"तोंडातनं निघाली असती तर मुकादमाला आयकावं लागलं असतं," दुसरी म्हणाली.

रातकिडे वाढले तसा त्यांचा सुईवरचा विश्वास वाढला. लसूण घालून तेल कोमट केलं आणि मावशीच्या कानात ओतलं. डोक्यावर पाटी घेतली की तिचा तोल जायचा, तर तो औषधाचा अंमल ठरला. कंपाउंडरलाही तिनं सांगितलं, पण तक्रार म्हणून नव्हे, चांगली बातमी म्हणून सांगितलं. तो हसला. म्हणाला, "अंगाई म्हणत्यात, झोपा आता." आणि सायकलवर टांग टाकून गेला.

मी महिनाभरानं पत्रकांचा गठ्ठा घेऊन कामावर गेलो तेव्हा मावशीच्या घोट्याला सुतळी बांधलेली दिसली. दुसरं टोक शेजारी खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात.

"ही कसली शिक्षा?" मी विचारलं.

"शिक्षा कशाची? टेलिफोन हाय," शेजारीण म्हणाली.

सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही, कारण तिला ऐकूच आलं नव्हतं. खाणीत सुरुंग लावायच्या आधी शिट्टी व्हायची, तांबडं फडकं हलायचं आणि माणसं बांधामागं पळायची. शिट्टी झाली की शेजारीण सुतळी ओढायची. मुकादमाला कळू नये म्हणून बायकांनीच काढलेली ही युक्ती. मी मावशीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हळू बोल की रं, लोक बघत्यात."

मी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली. मग पत्र्याचा डबा वाजवला.

"हे सुईनं होतं," ते म्हणाले. "सगळ्यांना नाही, काहींना. आवाज सुरू झाला तेव्हाच सांगायला हवं होतं. सुई थांबवली असती, दुसरं काही दिलं असतं."

"तुम्ही तिला तसं सांगितलं होतं का?"

"बाहेरची रांग बघितलीत? प्रत्येकाला हे सांगत बसलो तर निम्मे सुई न घेताच पळतील."

"आणि न सांगितलं म्हणून ही बहिरी झाली."

"जिवंत आहे," डॉक्टर म्हणाले. कान परत येतील का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी नाही अशी मान हलवली. सुई बंद झाली. गोळ्या बदलून दिल्या आणि त्या शेवटपर्यंत घ्यायला बजावलं.

सुतळीची युक्ती मुकादमाच्या लक्षात आलीच. माणूस वाईट नव्हता. "बाई, एखादा दगड डोक्यात बसला तर जाब मला द्यावा लागंल," म्हणाला. मावशीचं काम सुटलं.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'सरकारी सुईने बाई बहिरी'. जहाल लिहिलं, एका दमात. छापायच्या आधी मावशीच्या घरी घेऊन गेलो. तिथे तिचा धाकटा दीर ओसरीवर बसला होता. त्याच कामावर पहार मारायचा. त्यालाही आता छातीत धरलं होतं, नुकतीच सुई सुरू झाली होती. मी मजकूर त्याला वाचून दाखवला.

"बरं झालं लिवलं," तो म्हणाला. "मी बी उद्यापास्नं बंद करतो. वयनीचं बघितलं न्हवं? बहिऱ्याला कोन कामावर उभं करतंय?"

मावशीनं खुणेनं मला विचारलं, काय लिहिलंय. मी दंडात टोचल्याची खूण केली, मग कानावर हात ठेवला. तिनं दिराच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या हातातला कागद घेतला आणि चुलीत सारला.

"भावजी," ती ओरडून म्हणाली, आता ती नेहमी ओरडूनच बोलायची, "बहिरी झाले. मेले न्हाई. तुमी सुई घ्या. कानात वाजलं की त्याच दिशी त्या डाक्टरच्या उरावर जाऊन बसा. मला ठावं नव्हतं, तुमाला ठावं हाय."

तो म्हणाला, "व्हय, व्हय." तिच्याकडे तोंड करून म्हणाला, म्हणजे तिला दिसावं. मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाला, "न्हाई बा जानार."

मी पत्रक पुन्हा लिहिलं. सुई घ्या. कान वाजले, चक्कर आली, तर त्याच दिवशी सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि डॉक्टर, तुम्ही विचारा. संघटनेतल्या पोरांना ते पटलं नाही. "यात घोषणा कुठंय?" म्हणाले. "सुई चांगली की वाईट, एक काय ते लिही." भांडून छापून घेतलं. दिरालाही एक दिलं. त्यानं घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. तो दवाखान्यात गेला नाही. एकाही माणसाला खोटं न सांगता एक डॉक्टर गप्प राहिला, आणि एका घरात एक बहिरी आणि एक सुईला भ्यालेला उरला. याचा मला आजही संताप येतो.

पुढच्या पावसाळ्यात पीक आलं. दिराला ते कापता आलं नाही. खाट गोठ्यातच टाकली होती. तो गेला तेव्हा दिवस कलला होता, बायका ओसरीवर आक्रोश करत होत्या आणि मावशी त्यांच्यात बसून प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होती. मध्येच ती उठली. फडताळातून पुडी काढली, गोळ्या तोंडात टाकल्या, वर तांब्याभर पाणी प्याली. बायका रडायच्या थांबून बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "मढं उचललं न्हाई अजून, आन् हिला औशद सुचतंय."

मावशीनं तोंड पुसलं, पुन्हा त्यांच्यात येऊन बसली आणि रडायला लागली.